अनशापोटी धावावे का?

चेन्नईत धावणाऱ्या माणसाला हवामान दिवसातली एकच वेळ देते, आणि ती म्हणजे पहाट. देशभर घड्याळ एकच असले तरी सूर्य सर्वत्र एकाच वेळी उगवत नाही. चेन्नई मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेसात अंश रेखांशावर आहे, म्हणून येथला दिवस मुंबईपेक्षा सरासरी अर्धा तास पुढे असतो. मे महिन्याच्या अखेरीस पावणेसहाच्या आतच सूर्य समुद्रातून वर आलेला असतो आणि सात-साडेसातला ऊन अंगाला बोचू लागते. त्यामुळे बेसंट नगरच्या किनाऱ्यावर किंवा मरीनावर धावणारी मंडळी पावणेपाच-पाचलाच रस्त्यावर उतरतात. लांब पल्ल्याच्या स्पर्धाही येथे जानेवारीत आणि तांबडे फुटण्यापूर्वीच सुरू होतात.

या वेळापत्रकातूनच एक प्रश्न जन्म घेतो. रात्री नऊला जेवलेल्या माणसाने पहाटे पाचला धावायला निघायचे, तर मधल्या आठ तासांच्या उपवासाचे काय करावे? काही खावे, की अनशापोटी धावावे? खायचे तर काय, आणि किती आधी?

गेली नऊ वर्षे मी अड्यारमध्ये राहते, महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र शिकवते आणि आठवड्यातून चार दिवस धावते. या प्रश्नाची परस्परांना छेद देणारी उत्तरे मी रोज ऐकते. घरातली वडीलधारी माणसे सांगतात, उपाशीपोटी घराबाहेर पडू नये, घेरी येते. व्यायामशाळेतले तरुण सांगतात, रिकाम्या पोटीच चरबी जळते. कोल्हापूरच्या तालमीत वाढलेला मल्ल सांगेल, की पहाटेची मेहनत आधी आणि बदामाची थंडाई नंतर. यांतले कोणीही सर्वस्वी चूक नाही. मात्र प्रत्येक जण आपल्या शरीराचे उत्तर दुसऱ्याच्या शरीराला देत असतो. ते उत्तर कोणाला लागू पडते आणि कोणाला अपायकारक ठरते, हे समजण्यासाठी रात्रभरात शरीरात काय घडते ते आधी पाहावे लागेल.

आपण खाल्लेल्या भाता-पोळीतली कर्बोदके शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने साठवते. ही साठवण दोन कोठारांत होते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि सर्व स्नायूंत मिळून सुमारे ४०० ग्रॅम ग्लायकोजेन असते. ही दोन कोठारे सारख्या स्वभावाची नाहीत. यकृताचे कोठार सार्वजनिक आहे. त्यातून सुटलेली शर्करा रक्तात मिसळते आणि कोणत्याही अवयवाला मिळते. स्नायूंचे कोठार खासगी आहे. तेथील ग्लायकोजेनपासून मुक्त ग्लुकोज बनवून रक्तात सोडण्यासाठी जे विकर लागते, ते स्नायूंत नसते. मांडीच्या स्नायूतला साठा मांडीच वापरू शकते, मेंदूला त्याचा उपयोग नाही.

आपण झोपलेलो असतानाही मेंदू ताशी सुमारे ५ ग्रॅम ग्लुकोज वापरत असतो. हा खर्च मुख्यतः यकृत भागवते. म्हणून पहाटे पाचला यकृताचे कोठार बरेच रिते झालेले असते, पण स्नायूंचे कोठार जवळजवळ रात्री होते तसेच असते. ‘पोट रिकामे’ म्हणजे ‘शरीर रिकामे’ असे समीकरण आपण मनात मांडतो, ते येथे कोलमडते. पायांना लागणारे इंधन पायांतच असते. तुटवडा असतो तो रक्तातली शर्करा स्थिर राखणाऱ्या गंगाजळीत.

स्नायूंतला हा साठा प्रत्यक्ष मोजण्याची सोय विज्ञानाला तुलनेने अलीकडे लाभली. योनास बर्गस्ट्रॉम आणि एरिक हुल्टमन या स्वीडिश संशोधकांनी १९६६ साली एक गाजलेला प्रयोग स्वतःवरच केला. दोघांनी एकेका पायाने सायकलचे पेडल मारले आणि नंतर जाड सुईने मांडीच्या स्नायूचे सूक्ष्म तुकडे काढून तपासले. दमलेल्या पायातले ग्लायकोजेन संपत आले होते, विश्रांती घेतलेल्या पायातले शाबूत होते. पुढे कर्बोदके भरपूर असलेला आहार घेतल्यावर दमलेल्या पायाने पूर्वीपेक्षाही अधिक साठा केला. लांब शर्यतीपूर्वी भात-पास्ता खाण्याच्या प्रथेचे मूळ या दोन पायांत आहे.

आता खर्चाचा हिशोब मांडू. सपाटीवर धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे सुमारे १ किलोकॅलरी लागते. ६५ किलो वजनाचा माणूस ५ किलोमीटर धावला, तर त्याला सुमारे ३२५ किलोकॅलरी लागतील. स्नायूंतल्या ४०० ग्रॅम ग्लायकोजेनमध्ये सुमारे १,६०० किलोकॅलरी असतात. शिवाय संथ धावेत ऊर्जेचा मोठा वाटा मेदातून येतो. म्हणजे ५ किलोमीटरसाठी, आणि बहुतेक निरोगी माणसांच्या बाबतीत तासाभराच्या धावेसाठीही, सकाळी काही खाण्याची शरीराला निकड नसते. वेगवेगळ्या ४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला, त्याचाही निष्कर्ष असाच होता. तासाभरापेक्षा लांब व्यायामात आधी खाल्ल्याचा फायदा दिसला, त्याहून छोट्या व्यायामात दिसला नाही.

मग चरबीचे काय? उपाशीपोटी धावताना मेदाचे ज्वलन वाढते, हे खरे आहे. इन्सुलिनची पातळी खाली असल्याने मेदपेशी आपला साठा सहज मोकळा करतात. परंतु जळणारी चरबी आणि घटणारी चरबी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सकाळच्या तासात मेद अधिक जळला, तर उरलेल्या दिवसात शरीर मेद कमी आणि कर्बोदके अधिक वापरून हिशोब बरोबरीत आणते. २०१४ साली २० तरुण स्त्रियांवर चार आठवड्यांचा एक प्रयोग झाला. निम्म्या जणींनी तासाभराचा व्यायाम अनशापोटी केला, उरलेल्यांनी खाऊन. दिवसाचा एकूण आहार दोन्ही गटांत सारखाच बेताचा ठेवला होता. चार आठवड्यांनंतर वजन आणि चरबी दोन्ही गटांत सारखीच घटली. प्रयोग लहान होता, पण ‘उपाशी धावा आणि बारीक व्हा’ या घोषणेला त्याने दिलेले उत्तर स्पष्ट आहे. दिवसभराचा आहार महत्त्वाचा. पहाटेचा रिकामेपणा हे काही मंत्राचे पाणी नव्हे.

येथवरचे सर्व निष्कर्ष निरोगी आणि बहुधा तरुण शरीरांचे आहेत, आणि त्यांतले बरेचसे थंड देशांतल्या प्रयोगशाळांतून आले आहेत. भारतीय वाचकाने ते जसेच्या तसे उचलू नयेत, याला एक ठोस कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांच्यासोबत २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे छायाचित्र छापले. दोघांचा बॉडी मास इंडेक्स तंतोतंत सारखा होता, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी होती ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांतला एक मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे रुग्णालयाच्या लिफ्टचे दार बंद होण्याआधी ते गाठणे, असा मिश्कील खुलासाही त्यांनी केला होता. दिसायला सडपातळ, पण आतून मेदबहुल, अशी ही भारतीय ठेवण मधुमेहाला लवकर वाट करून देते. चेन्नईच्या मद्रास डायबिटीस रिसर्च फाउंडेशनने भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेसोबत केलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. म्हणजे पहाटे किनाऱ्यावर चालणाऱ्या-धावणाऱ्यांत रक्तातली शर्करा उतरवणारी गोळी घेणारे अनेक जण असणार, हे गृहीतच धरायला हवे.

असे एक जण माझ्या घरातच आहेत. निवृत्तीनंतर बाबा मिरजेहून आमच्याकडे राहायला आले. त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह. मेटफॉर्मिन आणि जोडीला ग्लिमेपिराइड चालू. एका पहाटे मी बूट घालत असताना ते दारात येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “मीही येतो तुझ्याबरोबर. काही खाऊन येऊ की असाच येऊ?”

प्रश्न तोच होता, पण मी स्वतःला देत असलेले उत्तर त्यांना देता येण्यासारखे नव्हते. निरोगी शरीरात धाव सुरू होताच इन्सुलिनचे स्रवण कमी होते, ग्लुकॅगॉन वाढते आणि यकृत शर्करा सोडू लागते. स्नायू आकुंचन पावत असताना इन्सुलिनची फारशी मदत न घेताही रक्तातले ग्लुकोज आत ओढतात. आवक आणि जावक यांचा तोल अशा रीतीने सांभाळला जातो. ग्लिमेपिराइड ज्या वर्गात मोडते, त्या सल्फोनिलयुरिया औषधांचे काम स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावण्याचे असते, आणि रक्तातली शर्करा उतरू लागली तरी ते काम थांबत नाही. त्यामुळे इन्सुलिन ज्या वेळी कमी व्हायला हवे, त्याच वेळी ते टिकून राहते. एकट्या मेटफॉर्मिनने असे क्वचितच होते, कारण ते इन्सुलिन वाढवत नाही. यकृतातून सुटणाऱ्या शर्करेला आळा घालते. इन्सुलिनची इंजेक्शने घेणाऱ्यांना मात्र हा धोका सर्वांत अधिक असतो.

आम्ही ग्लुकोमीटर आणि साखरेची पुडी बरोबर घेऊनच निघालो. निघताना बाबांची शर्करा १०४ होती. भरभर चालणे आणि मधूनमधून संथ धावणे, असे ४० मिनिटे झाल्यावर श्मिट स्मारकाजवळ ते कठड्याला टेकले. “घाम जरा जास्तच आलाय, दमट आहे ना हवा,” असे म्हणाले. भोवतालचा प्रत्येक माणूस घामाने निथळत होता, त्यामुळे त्या वाक्यात वावगे काही वाटू नये. पण पाण्याची बाटली धरलेला त्यांचा हात थरथरत होता. तपासले तेव्हा आकडा ६१ निघाला. ७० च्या खाली शर्करा उतरली की तिला अल्पशर्करा म्हणतात. तीन चमचे साखर पाण्यात घोळून त्यांना प्यायला दिली. पंधरा मिनिटांनी आकडा ९२ झाला. आदल्या रात्री ते बेताचेच जेवले होते आणि गोळीचा अंमल अजून उतरला नव्हता. पुढे डॉक्टरांनी मात्रा आणि वेळ दोन्ही बदलून दिल्या, आणि निघताना शर्करा १०० च्या खाली असेल तर आधी काही खायचेच, असा नियम घालून दिला.

त्या सकाळी मला जे दिसले, ते पाठ्यपुस्तकांत क्वचितच लिहिलेले असते. शर्करा उतरल्याची पहिली लक्षणे म्हणजे घाम, थरथर, धडधड आणि थकवा. चेन्नईच्या दमट हवेत धावणाऱ्या निरोगी माणसाचीही लक्षणे हीच. थंड प्रदेशात पहाटे एकाएकी घाम फुटला, तर माणूस सावध होतो. येथे तो कपाळ पुसून पुढे धावतो. हवामानच धोक्याची घंटा झाकून टाकते. म्हणून गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने या शहरात अंगाच्या जाणिवेवर न विसंबता आकड्यावर विसंबावे, साखर खिशात ठेवावी आणि एकट्याने लांब जाऊ नये. गोळीची मात्रा मात्र स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नये. ते काम डॉक्टरांचे.

या दोन अवस्थांतले साम्य जुने आहे. १९२४ साली बोस्टन मॅरेथॉन संपवून आलेल्या काही धावपटूंचे रक्त तेथील डॉक्टरांनी तपासले. ज्यांची शर्करा फार उतरली होती, ते फिकट पडलेले आणि गळून गेलेले होते. इन्सुलिन तेव्हा नुकतेच वापरात आले होते, आणि त्याची मात्रा जास्त झालेल्या रुग्णांसारखीच ही अवस्था आहे, हे त्या डॉक्टरांच्या ध्यानात आले. पुढच्या वर्षी त्यांनी धावपटूंना आदल्या दिवशी कर्बोदके भरपूर खायला लावली आणि शर्यतीत गोळ्या-चॉकलेटे दिली. त्या वेळी शर्करा उतरली नाही आणि माणसेही ताजीतवानी राहिली. लांब धावेत साखर लागते, हे ज्ञान असे शंभर वर्षांचे आहे.

साखरेच्या या गोष्टीला मेंदूचाही एक पदर आहे. २००४ साली ब्रिटनमधील संशोधकांनी सायकलपटूंना कर्बोदकांचे पाणी फक्त तोंडात खेळवून थुंकून टाकायला सांगितले. पोटात काहीच गेले नाही, तरीही सुमारे तासाभराच्या चाचणीत त्यांची कामगिरी जवळजवळ ३ टक्क्यांनी सुधारली. नंतर मेंदूच्या प्रतिमांतून दिसले की तोंडातले संवेदक कर्बोदके ओळखतात आणि मेंदूतील प्रेरणेशी निगडित भाग जागे होतात. खजूर चघळताच ‘तरतरी आली’ असे वाटते, तेव्हा ती तरतरी रक्तातून नव्हे, जिभेवरून आलेली असते. अर्थात, बाबांसारख्या माणसाची शर्करा या तरतरीने वाढत नाही. त्यासाठी साखर पोटातच जायला हवी.

खाण्याइतकाच चेन्नईत महत्त्वाचा असतो पाण्या-मिठाचा प्रश्न. घाम आपल्याला थंड करतो तो वाळताना; एक लिटर घाम वाळला तर शरीरातली सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता तो घेऊन जातो. पण हवा आधीच बाष्पाने भरलेली असेल, तर घाम वाळण्याऐवजी नुसता ठिबकतो. ठिबकलेला घाम पाणी आणि मीठ नेतो, उष्णता नेत नाही. त्यामुळे पुण्याच्या हिवाळी पहाटेपेक्षा येथे त्याच अंतराला घाम अधिक जातो आणि थंडावा कमी मिळतो. यावर उपाय म्हणून काही जण निघण्यापूर्वीच लिटरभर पाणी पितात, आणि तेही धोक्याचे आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमधील ४८८ धावपटूंच्या रक्ततपासणीचा अहवाल २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या १३ टक्के जणांच्या रक्तातले सोडियम सामान्य पातळीच्या खाली आले होते. शर्यतीत वजन वाढण्याइतके पाणी पिणे हे त्याचे प्रमुख कारण आढळले. तासाभराच्या धावेला तहानेपुरते पाणी पुरते. धाव त्याहून लांब असेल, तर पाण्यात मीठ आणि थोडी साखर असावी.

मीठ आणि साखर एकत्र का, याचे उत्तर विज्ञानातल्या एका सुंदर शोधात आहे. आतड्याच्या पेशी सोडियम आणि ग्लुकोज एकाच दाराने, हातात हात घालून आत घेतात, आणि त्यांच्यामागोमाग पाणी शिरते, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच तत्त्वावरचे मीठ-साखरेचे पाणी पाजून पटकीने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आणले. तमिळ घरांत शिळ्या भातावर रात्रभर पाणी घालून ठेवतात आणि सकाळी ते आंबूस पाणी मीठ घालून पितात. त्याला नीरागारम म्हणतात. आपल्याकडची पेज किंवा आंबील त्याच गोत्रातली. स्टार्च, मीठ आणि पाणी यांचा हा मेळ दमट किनाऱ्यावरच्या कष्टकऱ्यांनी क्रेन यांच्या आधीच साधला होता. त्याला औषध म्हणून मिरवण्याचे कारण नाही, पण लांब धावेनंतर तांब्याभर मीठ घातलेली पेज महागड्या पेयाच्या बाटलीपुढे कमी पडत नाही.

आता प्रत्यक्ष काय खावे? पहाटेच्या खाण्याला एक व्यावहारिक मर्यादा आहे. धावताना रक्त पायांकडे आणि त्वचेकडे वळते, आतड्यांचा पुरवठा घटतो. अशा वेळी स्निग्ध, तंतुमय किंवा प्रथिनयुक्त पदार्थ पोटात रेंगाळतात आणि पोटात कालवते. तुपात न्हालेला पोंगल, वडा, डाळ-भाज्यांचे सांबार, शेंगदाण्याची चिक्की, हे सर्व उत्तम पदार्थ आहेत; पण धाव संपल्यावर. आधी घ्यायचे ते मऊ, कमी तंतूंचे आणि लवकर पचणारे. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे २७ ग्रॅम कर्बोदके असतात; वेलची केळी लहान असतात, म्हणून ती दोन घ्यावीत. दोन-तीन खजूर, गूळ लावलेला पावाचा तुकडा किंवा इडली नुसतीच, चटणी-सांबाराविना, यांतले काहीही चालेल. केळे किंवा खजूर अर्धा तास आधी, इडली तासभर आधी.

कॉफीबद्दल चेन्नईत विचारलेच जाते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार १५० मिलिलिटर गाळीव कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असते आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅमची आहे. कॅफिन अर्ध्या ते एका तासात रक्तात पुरेसे चढते आणि दमल्याची जाणीव कमी करते, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण ती जाणीवच कमी होते, इंधन वाढत नाही. शिवाय गरम कॉफी आतड्यांनाही जागे करते, तेव्हा तिच्यानंतर घरातून निघण्याची घाई करू नये.

माझा स्वतःचा क्रम साधा आहे. तासाभराच्या आतली धाव असेल, तर अर्धा पेला पाणी आणि मन झाले तर कॉफी. दीड तासापर्यंतची असेल, तर दोन वेलची केळी. त्याहून लांब असेल, तर निघण्यापूर्वी इडली आणि वाटेत दर तासाला ३० ग्रॅम किंवा त्याहून अधिक कर्बोदके. पण या सर्वांहून मोठा निर्णय मी आदल्या रात्रीच घेतलेला असतो. शास्त्र सांगते की लांब व्यायामापूर्वी एक ते चार तास आधी भरपेट कर्बोदके घ्यावीत. पहाटे पाचला धावणारा त्यासाठी रात्री दोनला उठणार नाही. म्हणून पहाटेच्या धावेची खरी न्याहारी म्हणजे रात्रीचे जेवण. येथल्या घरांत जेवणाच्या शेवटी येणारा दहीभात रात्री टाळण्याची फॅशन आली आहे; दुसऱ्या दिवशी १५ किलोमीटर धावणाऱ्याने ती पाळू नये.

विद्यार्थिनींना एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. वसतिगृहात रात्रीचे जेवण साडेसातला आणि सकाळचा नाश्ता साडेसातनंतर. मधल्या बारा तासांच्या उपवासात तासभर धावायचे आणि तासिकेच्या घाईत नाश्ताही बुडवायचा, हा क्रम मी वर्गातल्या मुलींत पाहते. एकदा धावल्याने काही बिघडत नाही. पण महिनोन्महिने खर्चापेक्षा कमी खाल्ले, तर शरीर काटकसर सुरू करते: पाळी लांबते किंवा थांबते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, दुखापती वाढतात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला क्रीडेतील सापेक्ष ऊर्जा-न्यूनता असे नाव दिले आणि ती मुलग्यांतही आढळते, हे नोंदवले. पाळी चुकणे ही तंदुरुस्तीची पावती नव्हे, ऊर्जेची तूट आहे.

ज्यांना स्वतःचे उत्तर शोधायचे आहे, त्यांनी महिनाभर एक वही ठेवून पाहावी. आदल्या रात्री काय आणि किती वाजता खाल्ले, सकाळी काय घेतले, किती धावलो, हवा कशी होती, शेवटच्या किलोमीटरला कसे वाटले, एवढे लिहावे. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर अंग पुसून वजन करावे. प्रत्येक किलोची घट म्हणजे सुमारे एक लिटर पाणी गेले. वजन वाढले असेल, तर पाणी जास्त झाले. महिन्याअखेरीस वहीत जे दिसेल ते शेजाऱ्याच्या वहीशी जुळणार नाही, आणि ते तसे असणेच स्वाभाविक आहे.